ई-सिगारेट बंदी कायदा शाळेत, सोसायटीत आणि बाजारात प्रत्यक्ष कसा राबवावा

१८ सप्टेंबर २०१९ पासून भारतात ई-सिगारेट बनवणे, आयात करणे, विकणे, वाटणे, साठवणे आणि तिची जाहिरात करणे हे सर्व गुन्हे आहेत. त्या दिवशी निघालेल्या अध्यादेशाची जागा घेणारे विधेयक लोकसभेने २७ नोव्हेंबरला आणि राज्यसभेने २ डिसेंबरला संमत केले, ५ डिसेंबर २०१९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळून त्याचा ई-सिगारेट प्रतिबंध कायदा २०१९ झाला आणि तो १८ सप्टेंबरपासूनच अमलात आल्याचे मानले गेले. असे असूनही ही उपकरणे पानटपरीच्या मागच्या खणात, महाविद्यालयाजवळच्या भेटवस्तूंच्या दुकानात आणि मोबाईलवरच्या खात्यांतून मिळतात, आणि शाळेच्या दप्तरात ती सापडली की शिक्षक व पालक दोघेही गोंधळून जातात. कायदा कडक आहे हे सर्वांनी ऐकलेले असते. पण तो नेमका कोणाला लागू होतो, तक्रार कोणाकडे द्यायची, सापडलेल्या वस्तूचे काय करायचे आणि मुलाशी कसे वागायचे, हे फार थोड्यांना माहीत असते.

हा लेख मुख्याध्यापक, पालक-शिक्षक संघाचे सदस्य, गृहनिर्माण संस्थेचे पदाधिकारी आणि जबाबदार दुकानदार यांच्यासाठी आहे. त्यामागे एक ठाम भूमिका आहे. हा कायदा विक्री आणि पुरवठा तोडण्यासाठी केलेला आहे, त्यामुळे सापडलेल्या प्रत्येक उपकरणाबाबत आपला पहिला प्रश्न ‘हे कोणी विकले’ असा असला पाहिजे. मुलाला आरोपी करून टाकले की तो विक्रेत्याचे नाव कधीच सांगत नाही आणि दुकान पुढेही चालूच राहते.

पहिली पायरी : बंदी कशावर आहे ते नीट समजून घ्या

कायद्याच्या कलम ३ मधील व्याख्या जाणीवपूर्वक रुंद ठेवलेली आहे. एखादा पदार्थ तापवून, त्यात निकोटीन किंवा स्वाद असो वा नसो, ओढण्यासाठी वाफेसारखे तुषार तयार करणारे कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणजे ई-सिगारेट. निकोटीन पुरवणारी सर्व इलेक्ट्रॉनिक साधने, तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणे, ई-हुक्का आणि तत्सम साधने, त्यांचे नाव, आकार किंवा रूप काहीही असले तरी, या व्याख्येत येतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० खाली परवाना असलेली उत्पादने मात्र वगळलेली आहेत. त्यामुळे औषधाच्या दुकानातला निकोटीनचा च्युइंगम या बंदीत येत नाही.

‘यात निकोटीन नाही, हे फक्त हर्बल आहे, फक्त फळांचा स्वाद आहे’ हा विक्रेत्याचा नेहमीचा बचाव असतो. वरील व्याख्येपुढे तो टिकत नाही, कारण निकोटीन नसलेले उपकरणही तिच्यात स्पष्टपणे सामावलेले आहे. दुसरा बचाव असा की आम्ही पूर्ण उपकरण विकत नाही, फक्त द्रव किंवा सुटे भाग विकतो. कलम ४ ने तीही वाट बंद केली आहे, कारण ते पूर्ण उत्पादनाबरोबरच त्याच्या कोणत्याही भागालाही लागू होते. म्हणून भरलेला पॉड (उपकरणात बसवायची द्रवाची छोटी कुपी), कॉइल किंवा टाकी विकणाराही कायद्याच्या कक्षेत येतो.

ओळखण्याच्या दृष्टीने इतके लक्षात ठेवावे की द्रवावर चालणाऱ्या उपकरणात साधारणतः बॅटरी, तापणारी कॉइल, द्रव शोषणारी वात आणि द्रवाचा साठा हे चार भाग असतात. द्रवात साधारणतः प्रॉपिलीन ग्लायकोल, ग्लिसरीन, स्वाद आणि बहुतेक वेळा निकोटीन असते. विद्यार्थ्यांकडे आढळणारी उपकरणे पेनड्राइव्ह, हायलायटर, लिपस्टिक किंवा छोट्या रंगीत डबीसारखी दिसतात, त्यांना ओढण्यासाठी चपटे तोंड असते आणि अनेकांना चार्जिंगची खाचही असते. वेष्टनावर हजारांतला ‘पफ’चा, म्हणजे झुरक्यांचा, आकडा आणि निकोटीनचे टक्के छापलेले असतात. ५ टक्के म्हणजे दर मिलीलिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम निकोटीन. निकोटीन क्षाराच्या रूपात असले की इतकी तीव्र मात्राही घशाला फारशी टोचत नाही, म्हणूनच कधी विडी-सिगारेटही न ओढलेले मूल ती सहज ओढू शकते. धुराचा वास नसल्याने घरी किंवा वर्गात संशय येत नाही. आंब्याचा, पुदिन्याचा किंवा कँडीसारखा गोड वास अचानक येऊन विरून जाणे, एवढीच खूण बहुधा मिळते.

दुसरी पायरी : कोणाचा गुन्हा आणि किती शिक्षा

कलम ४ चे उल्लंघन, म्हणजे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण किंवा जाहिरात, यासाठी कलम ७ नुसार पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व ५ लाख रुपयांपर्यंत दंड. कलम ५ जागेच्या मालकाला आणि ताबेदाराला बांधते : आपली जागा ई-सिगारेटच्या साठ्यासाठी वापरली जात आहे हे ठाऊक असूनही ती वापरू देणाऱ्यास कलम ८ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गाळा भाड्याने देणारा मालक आणि रिकामा फ्लॅट गोदामासाठी देणारा सभासद या दोघांनी हे कलम एकदा तरी वाचावे. विक्री करणारा कॅफे एखाद्या कंपनीच्या नावावर असेल, तर तिच्या कारभाराला जबाबदार असलेल्या व्यक्तींवरही कलम १० नुसार कारवाई होऊ शकते.

आता वापराचा प्रश्न, जिथे सर्वाधिक गैरसमज आहेत. कायद्याच्या नावात ‘वापर’ हा शब्द नाही, कलम ४ वापराला मनाई करत नाही, आणि स्वतःसाठी जवळ ठेवलेल्या एका उपकरणाकरिता कलम ७ किंवा ८ मध्ये वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये अशी भूमिका मांडली की ई-सिगारेट कोणत्याही स्वरूपात बाळगणे हे या कायद्याचे उल्लंघनच आहे. देशात कायदेशीर विक्रीच नसल्याने प्रत्येक उपकरणामागे कोणाचा तरी गुन्हा आहे, हा त्यामागील तर्क समजण्यासारखा आहे. तरीही शिक्षेची तरतूद आणि मंत्रालयाची भूमिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विद्यार्थ्याला ‘तुला तुरुंगात टाकतील’ असे सांगणाऱ्या शिक्षकाला कायद्याचा आधार नाही.

सार्वजनिक ठिकाणच्या वापराबाबतही अशीच फट आहे. सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने कायदा २००३, ज्याला सगळे कोट्पा म्हणतात, त्याच्या कलम ४ ने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे व दंड २०० रुपयांपर्यंत आहे. पण त्यातील धूम्रपानाची व्याख्या तंबाखू ओढण्याशी बांधलेली आहे. तंबाखूचे पान नसलेल्या द्रवाची वाफ तिच्यात बसते की नाही यावर वाद घालता येतो. ही फट शाळा, महाविद्यालये, उपाहारगृहे आणि गृहनिर्माण संस्था आपापल्या लेखी नियमांनी भरून काढू शकतात, आणि त्यांनी ती भरलीच पाहिजे. ते कसे करायचे हे पाचव्या पायरीत आले आहे.

मुलांच्या संदर्भात आणखी दोन कायदे ध्यानात असावेत. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ई-सिगारेटच्या प्रकरणात हे कलम लावायचे की नाही हे पोलिसांनी ठरवायचे आहे, पण खरेदीदार अल्पवयीन होता ही वस्तुस्थिती तक्रारीत ठळकपणे लिहिली पाहिजे. द्रवात गांजाचा अर्क असल्याचा संशय असेल तर प्रकरण अमली पदार्थविरोधी कायद्याखाली जाते. तिथे हयगय नको. अमेरिकेत २०१९ मध्ये फुफ्फुसांच्या गंभीर आजाराची जी साथ आली, तिच्यात १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाल्याची किंवा दगावल्याची आणि त्यांपैकी ६८ मृत्यूंची नोंद झाली होती. त्या साथीचा संबंध प्रामुख्याने गांजातील मादक घटक असलेल्या व व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळलेल्या द्रवांशी आढळला होता.

तिसरी पायरी : उपकरण सापडल्यावर पहिल्या तासात काय करावे

वर्गात किंवा स्वच्छतागृहात उपकरण सापडले तर ते रुमालाने किंवा हातमोज्याने उचलावे, चालू करून पाहू नये, उघडू नये आणि कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. आत लिथियमची बॅटरी असते व ती चिरडली गेली तर पेट घेऊ शकते. गळणारा द्रव त्वचेतूनही शरीरात जातो. द्रव हाताला लागल्यास भरपूर पाण्याने धुवावे. लहान मुलाने तो गिळल्याचा संशय आला, किंवा उलटी, लाळ, घाम, धडधड, गुंगी अशी लक्षणे दिसली, तर उलटी करवण्याच्या खटपटीत न पडता १०८ वर फोन करून मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे आणि उपकरण किंवा बाटली डॉक्टरांना दाखवण्यासाठी बरोबर न्यावी. घरात चालायला लागलेले मूल असेल तर हा धोका खरा मानावा.

वैद्यकीय अडचण नसेल तर नोंद करावी. तारीख, वेळ, जागा, कोणाला सापडले, वस्तूचे वर्णन, वेष्टनावरचा मजकूर आणि दोन शिक्षकांच्या सह्या इतके एका पानावर पुरते. वस्तूची व वेष्टनाची छायाचित्रे घ्यावीत, मग ती कागदी पाकिटात घालून पाकीट बंद करावे व त्यावर सह्या कराव्यात. त्यानंतर ती शक्य तितक्या लवकर पोलीस ठाण्यात देऊन लेखी पोच घ्यावी. जप्त केलेली उपकरणे मुख्याध्यापकांच्या कपाटात साचत जातात आणि वर्ष संपले तरी तिथेच राहतात, असे होऊ देऊ नये. जागेवर जाणीवपूर्वक साठा राहू देण्यास कलम ५ ची मनाई आहे, आणि नोंद न करता पडून राहिलेल्या वस्तूला पुरावा म्हणून किंमतही उरत नाही.

दप्तराची तपासणी करायची असेल तर ती विद्यार्थ्यासमोर, दोन शिक्षकांच्या उपस्थितीत करावी, विद्यार्थिनीच्या बाबतीत शिक्षिकांनीच करावी. अंगझडती घेऊ नये. मोबाईल जबरदस्तीने उघडायला लावणे तर पूर्णपणे टाळावे. त्यातील संभाषण महत्त्वाचे वाटत असले तरी ते पालकांच्या संमतीने पाहावे किंवा पोलिसांवर सोपवावे.

चौथी पायरी : मुलाशी बोलणे

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण पुढची कारवाई यशस्वी होणे इथेच ठरते. पालकांना त्याच दिवशी बोलवावे, पण वर्गासमोर किंवा शिक्षकांच्या खोलीत दहा जणांसमोर काहीही विचारू नये. एक विश्वासातला शिक्षक, शक्य असल्यास समुपदेशक, पालक आणि मूल, एवढेच लोक असावेत. सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे की शाळेला विक्रेता शोधायचा आहे आणि मुलाची सवय सोडवायची आहे. मग साधे प्रश्न विचारावेत : कुठून घेतले, किती रुपयांना, पैसे रोख दिले की यूपीआयने, दुकानात ठेवलेले दिसते की मागावे लागते, खात्याचे नाव काय, माल कोण आणून देते, वयाचा पुरावा कोणी विचारला का. उत्तरे मुलाच्या शब्दांत लिहावीत, पण त्याचे नाव तक्रारीत घालू नये. पोलिसांना पुढे जबाब हवा असेल तर तो पालकांसमोर होईल याची खात्री शाळेने करावी.

मूल दुसऱ्या मुलांना उपकरणे विकत असेल तर प्रकरण अधिक नाजूक होते, कारण कायद्याच्या भाषेत ती विक्रीच आहे. इथेही त्याच्या मागे असलेला प्रौढ पुरवठादार शोधणे हेच मुख्य काम आहे, आणि अल्पवयीन मुलाबाबतची पुढील कार्यवाही बाल न्याय कायद्याप्रमाणे होते हे पालकांना समजावून सांगावे.

शाळेतून काढून टाकण्याची धमकी देऊ नये. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई करते. मोठ्या वर्गांतही निलंबनाने काही साधत नाही : मूल दिवसभर घरी एकटे, उपकरणाजवळ राहते, आणि इतर मुले शिक्षकांपासून अधिक लपवायला शिकतात.

पाचवी पायरी : लेखी नियम करा

शैक्षणिक संस्था तंबाखूमुक्त करण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रवेशद्वारावर व आवारात फलक, कर्मचारी आणि नववी व त्यापुढील विद्यार्थ्यांमधून नेमलेले तंबाखू नियंत्रण प्रतिनिधी, आणि आवाराच्या बाहेरील भिंतीपासून किंवा कुंपणापासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या हद्दीवर पिवळी रेषा, हे त्यातील भाग अनेक शाळांनी अमलात आणलेले आहेत. ही १०० यार्डांची अट कोट्पाच्या कलम ६ मधील आहे आणि ती तंबाखू विक्रीपुरती आहे. ई-सिगारेटला असे कोणतेही अंतर लागू नाही, कारण ती रेषेच्या आत विकली काय किंवा दहा किलोमीटरवर विकली काय, विक्री सारखीच बेकायदा आहे. फलक रंगवताना हे लक्षात ठेवावे, नाहीतर रेषेबाहेरची विक्री चालते असा उलटा अर्थ लोक घेतात.

शाळेच्या नियमावलीत पुढील मजकूर घालता येईल : ‘शाळेचे आवार, वाहने, सहली व शाळेचे सर्व कार्यक्रम यांमध्ये विद्यार्थी, कर्मचारी व अभ्यागत यांपैकी कोणीही ई-सिगारेट, व्हेप, ई-हुक्का किंवा तत्सम उपकरण, त्यात निकोटीन असो वा नसो, आणू, वापरू, देऊ किंवा विकू नये. असे उपकरण आढळल्यास त्याची नोंद करून ते पोलिसांकडे दिले जाईल. विद्यार्थ्याच्या बाबतीत पालकांना त्याच दिवशी कळवले जाईल व समुपदेशनाची सोय केली जाईल.’ कर्मचारी आणि अभ्यागत हे शब्द गाळू नयेत. शिक्षकच वाहनतळावर वाफ सोडत असतील तर नियमाला अर्थ राहत नाही.

गृहनिर्माण संस्थेने हाच विषय सर्वसाधारण सभेत ठराव म्हणून मांडावा. जिना, लिफ्ट, गच्ची, क्लब हाऊस आणि लहान मुलांची खेळायची जागा यांत वापरास मनाई, सामायिक जागेत किंवा भाड्याने दिलेल्या गाळ्यात साठा आढळल्यास पोलिसांना कळवण्याचा समितीला अधिकार, आणि भाडेकराराच्या वेळी मालकाने ही अट कराराच्या मसुद्यात घालावी अशी सूचना, इतके पुरेसे आहे. सभासद स्वतःच्या घरात काय करतो यात समितीने शिरू नये. तिथे तिला अधिकारही नाही.

सहावी पायरी : पुरावा जमवा, पण स्वतः खरेदी करू नका

तक्रारीसाठी न्यायालयात टिकेल असा परिपूर्ण पुरावा आधीच लागत नाही. पोलिसांना शोध घेण्यास कारण मिळेल इतकी नेमकी माहिती लागते. दुकानाचे नाव आणि पत्ता, जवळची खूण, विक्रीचे नेहमीचे तास, माल कुठे ठेवला जातो, कोण देतो आणि पाटीचे किंवा मांडणीचे रस्त्यावरून घेतलेले छायाचित्र इतके हाताशी असले तरी काम होते. मुलाला ‘जा, एक घेऊन ये, मग पकडू’ असे कधीही सांगू नये. त्यात मुलाला पुन्हा त्याच व्यवहारात ढकलणे आहे, धोका आहे आणि पुराव्याच्या दृष्टीनेही अडचण आहे. प्रौढांनीही सापळ्याची खरेदी पोलिसांवर सोडावी.

ऑनलाइन विक्रीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी पडद्याची छायाचित्रे घ्यावीत, नंतरच खात्याविरुद्ध तक्रार नोंदवावी, कारण तक्रारीची चाहूल लागताच मजकूर पुसला जातो. छायाचित्रात खात्याचे नाव, पूर्ण दुवा, तारीख-वेळ, किंमत, संपर्क क्रमांक आणि पैसे स्वीकारण्यासाठी दिलेला यूपीआय आयडी दिसला पाहिजे. ज्या मोबाईलवर हे पाहिले तो तसाच जपावा, कारण भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. कुरिअरचे पाकीट आले असेल तर वरची चिठ्ठी फाडू नये. पाठवणाऱ्यापर्यंत पोचण्याची ती बहुधा सर्वात सरळ वाट असते.

सातवी पायरी : तक्रार कुठे आणि कशी द्यावी

कायद्याखालील अधिकृत अधिकारी म्हणजे पोलीस उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी, तसेच केंद्र किंवा राज्य सरकारने अधिसूचनेद्वारे नेमलेला त्या दर्जाचा अन्य अधिकारी. कलम ११ प्रमाणे कलम ४ चा गुन्हा दखलपात्र आहे. म्हणून स्थानिक पोलीस ठाणे हेच पहिले दार. त्याच अर्जाची प्रत जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाला द्यावी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘व्हायोलेशन-रिपोर्टिंग डॉट इन’ या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. समाजमाध्यमावरील विक्री असेल तर त्या मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही लिहावे. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ नुसार त्याने २४ तासांत पोच देणे व ठरवून दिलेल्या मुदतीत तक्रार निकाली काढणे अपेक्षित आहे.

अर्जाची भाषा साधी आणि नेमकी असावी. नमुना असा : ‘आमच्या शाळेपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर असलेल्या … या दुकानात ई-सिगारेटची विक्री होत असल्याची माहिती आम्हाला … या तारखेला मिळाली. खरेदीदारांत अल्पवयीन विद्यार्थी आहेत. माल काउंटरखालील खणात ठेवला जातो व मागितल्यावर दिला जातो. सोबत छायाचित्रे आणि आमच्याकडे सापडलेले एक उपकरण, नोंदीसह, जोडले आहे. ई-सिगारेट प्रतिबंध कायदा २०१९ च्या कलम ४ व ७ खाली गुन्हा नोंदवून कलम ६ प्रमाणे तपासणी व जप्ती करावी आणि माल पुरवणाऱ्याचा शोध घ्यावा, ही विनंती.’ कलमांचे क्रमांक लिहिणे फार महत्त्वाचे आहे. ते नसतील तर प्रकरण कोट्पाच्या २०० रुपयांच्या पावतीवर मिटण्याची भीती राहते, आणि त्या पावतीने या धंद्याला काहीही फरक पडत नाही.

ठाण्यात अर्ज घेतला नाही किंवा गुन्हा नोंदवण्यास नकार मिळाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ च्या पोटकलम ४ नुसार तक्रारीचा मजकूर लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात संबंधित उपायुक्तांकडे, आणि तरीही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. प्रत्येक टप्प्यावर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत हातात असावी.

आठवी पायरी : जप्तीच्या वेळी काय पाहावे

कलम ६ मुळे अधिकृत अधिकारी, उल्लंघन होत असल्याचे मानण्यास कारण असेल तर, वॉरंटशिवाय जागेत शिरून तपासणी व जप्ती करू शकतो. मात्र कार्यपद्धती फौजदारी प्रक्रियेचीच आहे, आणि १ जुलै २०२४ पासून ती नव्या संहितेप्रमाणे चालते : पंच, पंचनामा, आणि कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण. शाळेच्या किंवा सोसायटीच्या सदस्याला पंच म्हणून बोलावले तर टाळू नये. पंचनाम्यात ‘ई-सिगारेट, काही नग’ असे मोघम न लिहिता प्रत्येक प्रकारचे नाव, नग, वेष्टनावरील मजकूर व निकोटीनचे प्रमाण लिहिले जात आहे ना, बिले, वही आणि मोबाईल यांची नोंद होत आहे ना, हे पाहावे. वरच्या पुरवठादारापर्यंत नेणारी माहिती बहुतेक वेळा त्या वहीत आणि मोबाईलमध्येच असते.

दुकान नव्याने घेतलेल्या एखाद्याला जुन्या मालकाचा साठा सापडला, तर त्याने तो परत पाठवू नये किंवा स्वस्तात काढूही नये, कारण पाठवणे ही वाहतूक आहे आणि काढणे ही विक्री. यादी करून ती लगेच पोलीस ठाण्यात द्यावी व पोच जपून ठेवावी.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांसाठी

परदेशातून येताना ई-सिगारेट आणावी का, हा प्रश्न मराठी कुटुंबांत दर सुट्टीत येतो. ब्रिटनमध्ये १८ वर्षांवरील व्यक्तीला ई-सिगारेट कायदेशीर मिळते, तिथे निकोटीनची मर्यादा दर मिलीलिटरला २० मिलिग्रॅम आहे आणि १ जून २०२५ पासून एकदाच वापरून टाकायच्या उपकरणांच्या विक्रीवर बंदी आहे. ऑस्ट्रेलियात ती फक्त औषधाच्या दुकानातून मिळते. त्या देशांनी प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांचा वेगळा विचार करून वेगळी वाट धरली. भारताने, मे २०१९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने संपूर्ण बंदीची शिफारस केल्यानंतर, पुरवठाच बंद करण्याची वाट धरली. कोट्यवधी लोक आधीच तंबाखूच्या आहारी असलेल्या देशात निकोटीनचे आणखी एक दार उघडू नये, हा विचार मला पटतो. तेथील नियम कसेही असोत, भारतात उतरताना प्रवाशाच्या सामानातली ई-सिगारेट ही आयातच ठरते. म्हणून ती आणूच नये. चुकून आलीच तर विमानतळावर रेड चॅनेलला, म्हणजे सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे सामान जाहीर करण्याच्या मार्गावर, जाहीर करावी. खरी माहिती जाहीर केलेल्या प्रतिबंधित वस्तू सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम ८० नुसार, प्रवाशाच्या विनंतीवरून, परत जाताना देण्यासाठी ठेवून घेण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. पुण्यातल्या किंवा पणजीतल्या भाच्याला भेट म्हणून ती देणे हे तर वितरणच आहे.

सवय सोडवण्याची सोय

विक्रेत्यावर कारवाई झाली की मुलाला मिळणारे निकोटीन अचानक थांबते. पहिले काही दिवस चिडचिड, अस्वस्थता, डोकेदुखी, झोप न लागणे आणि अभ्यासात लक्ष न लागणे हे सर्व अपेक्षित आहे. दोन-तीन दिवसांत ते शिगेला पोचते आणि पुढील काही आठवड्यांत ओसरते. पालकांना हे आधी सांगितले नाही तर ते त्याला उद्धटपणा समजतात आणि घरात भांडणे होतात. राष्ट्रीय तंबाखू मुक्ती सेवेचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ हा आहे. निकोटीनचा च्युइंगम किंवा पट्टी अठरा वर्षांखालील मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. परीक्षेच्या आठवड्यात सोडण्याचा दिवस ठरवू नये, सुट्टीच्या सुरुवातीचा ठरवावा. ज्या मित्रमंडळात ओढणे सुरू झाले ते टाळण्यासाठी संध्याकाळी खेळाची किंवा शिकवणीची वेळ बदलून द्यावी. शाळेतल्या त्याच विश्वासातल्या शिक्षकाने पहिल्या महिन्यात दर आठवड्याला पाच मिनिटे मुलाशी बोलावे. ती भेट चौकशीसारखी वाटू देऊ नये.

पाठपुरावा

तक्रार दिल्यानंतर पंधरा दिवसांनी ठाण्यात जाऊन गुन्हा क्रमांक, लावलेली कलमे आणि जप्त मुद्देमालाची माहिती विचारावी. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात त्यासाठी १० रुपये शुल्क आहे आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्जात ‘या दुकानाविरुद्ध आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर केलेली कारवाई, गुन्हा नोंदवला असल्यास क्रमांक व कलमे, आणि न नोंदवल्यास त्याची कारणे’ एवढेच मागावे; तपासाचे तपशील मागितले तर नकार मिळतो. दुकान पुन्हा सुरू झाल्याचे दिसले तर नवा अर्ज देताना आधीचा गुन्हा क्रमांक आणि दोषसिद्धी झाली असल्यास तिचा उल्लेख आवर्जून करावा, कारण दुसऱ्या गुन्ह्याची तीन वर्षांपर्यंतची कैद आणि ५ लाखांपर्यंतचा दंड लागू होण्यासाठी पहिला गुन्हा कागदावर आलेला असावा लागतो. न्यायालयीन प्रक्रिया पूर्ण झाल्यावर ई-सिगारेटचाच असल्याचे सिद्ध झालेला साठा न्यायालयाच्या आदेशाने निकाली काढला जातो. शाळेने दिलेले उपकरणही त्याच मुद्देमालात असते, त्यामुळे त्याची पोच प्रकरण संपेपर्यंत मुख्याध्यापकांच्या नोंदवहीत लावून ठेवावी आणि मुख्याध्यापक बदलले तर नव्या मुख्याध्यापकांना ती पदभाराच्या यादीसह द्यावी.